लहान कुत्र्याचं नाजूक पोट : चिकूला काय द्यावं, किती द्यावं आणि कधी द्यावं?

चाफा (३ जून, रात्री ११:४०)

नमस्कार. आमची चिकू साडेतीन वर्षांची आहे. पॉमेरियन म्हणून घेतली होती, डॉक्टर म्हणतात इंडियन स्पिट्झ. दिवाळीत वजन ५.४ किलो होतं, परवा भरलं ४.८. एवढ्याशा जिवाचं अर्ध्या किलोहून जास्त वजन उतरलंय हे काट्यावर दिसलं आणि मला रात्रभर झोप लागली नाही, म्हणून लिहायला बसलेय.

चार-पाच महिन्यांपासून हे चाललंय. आठवड्यातून दोन-तीनदा पहाटे पाचच्या सुमारास पिवळा फेस उलटून टाकते. त्यात अन्न नसतं, नुसतं पिवळं पाणी. शी कधी बरी, कधी मऊ, कधी त्यावर शेंबडासारखा चिकट थर. सकाळी भांड्याकडे बघते आणि तोंड फिरवते. खाली नेलं की गवत खाते. बाकी खेळते, बेल वाजली की भुंकते, त्यामुळे घरातले म्हणतात, "तिला काही झालेलं नाही, नाटकं करते." मला तसं वाटत नाही.

आतापर्यंत काय काय केलं : जंताचं औषध वेळेवर दिलंय. लसी पूर्ण आहेत. डॉक्टरांनी दोन वेळा इंजेक्शन आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. त्यानंतर आठ-दहा दिवस छान जातात आणि पुन्हा तेच. ड्राय फूड तीनदा बदललं, तिसरं तर खूप महाग आहे. मध्ये पंधरा दिवस चिकन-भात दिला. सध्या सकाळी आठला ड्राय फूड आणि संध्याकाळी सातला चिकन-भात किंवा दूध-पोळी, जे खाईल ते.

कुणाच्या लहान कुत्र्याचं असं झालंय का? नेमकं काय खायला घालू?

डोंबिवलीकर (४ जून, सकाळी ७:१५)

चाफा, आमचा शित्झू सात वर्षांचा आहे आणि त्याच्या पोटाने आम्हाला बरंच शिकवलंय. आधी काही विचारतो, कारण "काय खायला घालू" याचं उत्तर यावर अवलंबून आहे.

संध्याकाळी सातनंतर सकाळी आठपर्यंत तिच्या पोटात काहीच जात नाही का? नवीन ड्राय फूड सुरू करताना जुनं एका दिवसात बंद केलं की हळूहळू? घरात माणसं किती आणि तिला कोण कोण काय देतं? बिस्किट, पोळीचा तुकडा, ताटातलं उरलेलं, सगळं मोजून सांगा. शी तपासली आहे का? रक्त?

यातला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. घरातल्यांना न दुखावता त्याचं खरं उत्तर मिळवायला आम्हाला दोन महिने लागले होते.

कृष्णाकाठ (४ जून, सकाळी ९:०२)

ताई, मी सांगलीजवळच्या खेड्यातला. आमच्या घरी कायम कुत्री होती. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून द्यायची, एवढंच त्यांचं जेवण. एक कुत्री चौदा वर्षं जगली. महागडे दाणे बंद करून महिनाभर भाकरी-दूध देऊन पाहा. पोट बिघडलं की दुधाऐवजी ताक. मी मनापासून सांगतोय, मुक्या जनावराचा जीव आहे, लवकर बरी होवो.

पशुवैद्य_नगर (४ जून, दुपारी २:३०)

मी अहिल्यानगर जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. प्राण्याला हात न लावता निदान होत नाही, त्यामुळे पुढचं सगळं तुमच्या डॉक्टरांशी बोलण्यासाठी म्हणून वाचा.

रिकाम्या पोटी पहाटे पिवळा फेस पडणं आणि एरवी कुत्रं तरतरीत असणं, हे लहान जातींत बरंच दिसतं. रात्री पोट फार वेळ रिकामं राहिलं की आतड्यातलं पित्त मागे जठरात येतं, जठराचं अस्तर चिडतं आणि उलटी होते. तुमच्या वेळापत्रकात तेरा तासांची फट आहे. पहिला उपाय औषधाचा नाही. आहे तेच दिवसभराचं अन्न तीन किंवा चार वेळांत वाटा आणि शेवटचा छोटा घास रात्री साडेदहा-अकराला द्या. अन्न वाढवायचं नाही, फक्त वाटायचं.

दुसरं, वजनाबद्दल. मोठ्या कुत्र्याला एखादा दिवस उपास घडला तर तो निभावून नेतो. लहान जातींकडे साठा कमी आणि शरीराच्या मानाने ऊर्जेची गरज जास्त. तीन-चार महिन्यांच्या छोट्या जातीच्या पिल्लाने तर काही तास खाल्लं नाही तरी रक्तातली साखर उतरून ते लटपटतं, कधी झटके येतात. म्हणून "चोवीस तास उपाशी ठेवा, पोट आपोआप बसेल" हा जुना सल्ला पिल्लांना आणि इतक्या लहान कुत्र्यांना स्वतःच्या मनाने लावू नका.

कृष्णाकाठ, तुमच्या कुत्रीबद्दल वाचून आनंद झाला. पण दूध प्रत्येकाला मानवत नाही. पिल्लूपण संपलं की बऱ्याच कुत्र्यांत दुधातली साखर पचवणारं विकर कमी होतं, मग ती साखर मोठ्या आतड्यात आंबते आणि शी पातळ होते. शिवाय म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. दह्यात-ताकात दुधातली साखर थोडी कमी असते, म्हणून चमचाभर दही काहींना चालतं. चिकूसारख्या चालू तक्रारीत मात्र मी सध्या दूध, पनीर, दही सगळंच थांबवेन.

तपासण्या करायला हव्यात. वजन उतरलंय, तेव्हा "पोट नाजूक आहे" म्हणून सोडून देऊ नका. शी तीन वेगवेगळ्या दिवशी तपासा, कारण जिआर्डियासारखे परजीवी रोजच्या रोज शीत सापडत नाहीत आणि नेहमीच्या जंताच्या औषधातली सगळीच त्यांच्यावर चालत नाहीत. रक्त तपासा. आपल्याकडे गोचीड तापातही कुत्रं खाणं सोडतं आणि घरचे महिनाभर पोटाचंच औषध देत बसतात. स्वादुपिंडाचीही चाचणी करून घ्या.

चाफा (४ जून, रात्री १०:२०)

डॉक्टर, डोंबिवलीकर, खूप आभार. उद्याचीच वेळ घेतलीय. आज रात्रीचा घास आत्ता देतेय.

ड्राय फूड प्रत्येक वेळी एका दिवसात बदललं होतं, ही माझी चूक. जुनं पाकीट संपलं, नवं उघडलं. घरात आम्ही दोघं, सासू-सासरे, सात वर्षांचा मुलगा आणि सकाळी येणाऱ्या मावशी. कोण काय देतं ते मी फ्रिजवर कागद लावून सगळ्यांना लिहायला सांगितलंय. आठवड्याने इथे टाकते.

मालवणीकन्या (५ जून, सकाळी ८:४५)

आमच्याकडे माणसाचं पोट बिघडलं की पेज, आणि कुत्र्याचं बिघडलं तरी पेजच. तांदूळ चौपट-पाचपट पाण्यात अगदी गळेपर्यंत शिजवायचा, मीठ नाही, तूप नाही. चिकन घालायचं तर छातीचं, कातडी पूर्ण काढून. उकडल्यावर भांडं फ्रिजमध्ये ठेवायचं, वर जमलेली चरबी चमच्याने काढायची आणि मग खालचं कोमट करून द्यायचं. फ्रिजमधलं गार अन्न तसंच देऊ नका, आमच्या बिट्टूने दोनदा तेवढ्यावरून उलटी काढली होती.

आणि चिकनच्या दुकानातून कुत्र्यासाठी मुंड्या-पाय आणू नका. सगळेजण आणतात, थोड्या पैशांत पिशवी भरते, पण त्यात निम्मी कातडी आणि चरबी. शिजवलेलं हाड तर टोकदार तुकड्यांत फुटतं.

पशुवैद्य_नगर (५ जून, दुपारी ३:१०)

मालवणीकन्या यांनी पद्धत अगदी बरोबर सांगितलीय. प्रमाण हवं असेल तर एक भाग चिकन, दोन भाग भात. पाच किलोच्या कुत्र्याला दिवसभरात साधारण ७० ग्रॅम शिजलेलं चिकन आणि १५० ग्रॅम शिजलेला भात, चार वेळांत. हे तीन ते पाच दिवसांचं पथ्य आहे, कायमचं जेवण नव्हे. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. महिनोन्महिने नुसता चिकन-भात खाऊन हाडं कमकुवत झालेली पिल्लं माझ्याकडे दरवर्षी येतात. घरचंच द्यायचं असेल तर कॅल्शियम, जस्त, जीवनसत्त्वं यांचा हिशोब डॉक्टरांकडून लिहून घ्या.

पथ्यावरून नेहमीच्या खाण्यावर येताना एक भाग नवं, तीन भाग जुनं असं सुरू करून सात दिवसांत पूर्ण बदला. चिकूसारखीला दहा ते चौदा दिवस लावा. मध्येच शी मऊ झाली तर मागच्या पायरीवर दोन दिवस थांबा.

तुळशीवृंदावन (५ जून, रात्री ९:००)

आमच्या घरात मांसाहार शिजत नाही, अंडीही नाहीत. पग आहे, नऊ किलोचा, त्याचंही पोट असंच. पथ्याचं म्हणून काय द्यावं? आम्हाला सगळे "मग कुत्रा पाळलात कशाला" असं ऐकवतात. तो आमचा लाडका आहे आणि त्याचे हाल होऊ नयेत एवढंच मला हवंय.

पशुवैद्य_नगर (५ जून, रात्री ९:५०)

तुम्हाला असं ऐकवणं बरोबर नाही. मांजराला मांसाशिवाय चालत नाही. कुत्रा मात्र योग्य आखलेल्या शाकाहारावर राहू शकतो, अट एवढीच की आखणी पूर्ण हवी. वरण-भात आणि पोळी म्हणजे ती आखणी नव्हे. पथ्यासाठी धुतलेली मूग डाळ आणि तांदूळ एकास तीन, फोडणी-मीठ न घालता, खूप मऊ. डाळीने गॅस होत असेल तर डाळ निम्मी करा. रोजच्यासाठी 'संपूर्ण आहार' असं पाकिटावर लिहिलेलं शाकाहारी ड्राय फूड मिळतं. ॲलर्जीसाठीच्या औषधी आहारांतही सोयाची प्रथिनं बारीक तोडून केलेले प्रकार आहेत, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीने.

पग भराभर गिळतात आणि सोबत हवाही गिळतात. मधे उंचवटे असलेलं भांडं आणा किंवा दाणे ताटात पसरून ठेवा. निम्म्या उलट्या तेवढ्यानेच थांबलेल्या पाहिल्या आहेत.

चाफा (१२ जून, रात्री ११:१५)

आठवडा झाला. आधी तपासण्या : तिन्ही दिवसांची शी स्वच्छ. रक्तात गोचीड ताप नाही. स्वादुपिंडाची चाचणी ठीक, सोनोग्राफीत जठर-आतड्याला थोडी सूज, बाकी काही नाही. पाच दिवस चिकन-पेज दिली. आणि रात्रीचा घास सुरू केल्यापासून पिवळी उलटी एकदाच झाली, ती पहिल्या दिवशी. सहा पहाटे कोरड्या गेल्या. मी पाचला उठून अंधारात तिच्या अंथरुणाजवळ बसून राहायचे, ती शांत झोपलेली असायची.

आता फ्रिजवरच्या कागदाबद्दल. सगळ्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, त्याबद्दल मी घरच्यांची ऋणी आहे. पथ्य सुरू व्हायच्या आधीच्या एका साध्या दिवसात काय जायचं, तेही आठवून लिहिलं. सासऱ्यांच्या सकाळ-दुपारच्या चहाबरोबर ग्लुकोज बिस्किटं, दोन आणि दोन. सासूबाई पोळ्या करताना तूप लावलेली अर्धी पोळी. मी स्वतः पनीर चिरताना दोन-तीन तुकडे. रात्री मुलाच्या कपातलं उरलेलं दूध. मावशींच्या डब्यातली खारी, रोज नाही. आणि यातल्या प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच, आणि अगदी थोडंसं देतोय.

डोंबिवलीकर (१३ जून, सकाळी ७:४०)

मी हिशोब मांडून बघतो, आमच्या वेळी मांडला होता तसा. विश्रांतीत लागणाऱ्या ऊर्जेचं सूत्र आहे : वजनाचा ०.७५ घात गुणिले ७०. पाच किलोला ते २३४ कॅलरी येतं. घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला त्याच्या दीडपट ते एक पूर्णांक सहा दशांश पट, म्हणजे साधारण ३५० ते ३७५.

एक ग्लुकोज बिस्किट वीस ते पंचवीस कॅलरी. चार बिस्किटं म्हणजे जवळपास ९०. तूप लावलेली अर्धी पोळी ५०-६०. पनीरचे तुकडे ४५. अर्धा कप म्हशीचं दूध शंभराच्या आसपास. बेरीज तीनशेच्या घरात. म्हणजे चिकूच्या दिवसाच्या गरजेचा पाऊण हिस्सा तरी मैदा, साखर, तूप आणि दूध यांतून भागत होता. मग भांड्यातलं अन्न बघून ती तोंड फिरवणारच, आणि तुम्ही मात्र ब्रँड बदलत राहिलात. आमचंही अगदी हेच झालं होतं. वरचं खाणं एकूण गरजेच्या दहा टक्क्यांच्या आत हवं, चिकूसाठी म्हणजे दिवसाला पस्तीस कॅलरी, दीड बिस्किट.

चाफा (१३ जून, सकाळी १०:०५)

हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. वजन मात्र उतरत होतं, वाढत नव्हतं, ते का?

पशुवैद्य_नगर (१३ जून, दुपारी १:४५)

पोटात गेलेलं सगळं अंगी लागत नाही. आतड्याला सूज असेल, शी सैल असेल तर बरंच तसंच बाहेर जातं. शिवाय सकाळचं खाणं ती टाकत होती, आणि उलटीच्या दिवशी बहुधा वरचंही घेत नसेल. बिस्किटातून ऊर्जा मिळते, प्रथिनं फारशी नाहीत, त्यामुळे आधी स्नायू उतरतात. तिच्या पाठीवरून हात फिरवा. कणा आणि मांड्यांजवळ खोलगट लागत असेल तर तेच झालंय.

आता एकच अन्न निवडा आणि सहा ते आठ आठवडे त्यावरच ठाम राहा. दुसरा कणही नाही, चव घातलेली चघळायची कांडी नाही, फ्लेवर असलेली जंताची गोळीसुद्धा विचारून. अन्नाच्या ॲलर्जीत कुत्र्यांमध्ये जास्त आढळतात ते बीफ, दुधाचे पदार्थ, चिकन आणि गहू. चिकूच्या खाण्यात त्यातले तीन होते. पोटाच्या तक्रारीत फरक बहुधा दोन आठवड्यांत कळतो, त्वचेच्या तक्रारीला जास्त वेळ लागतो. तुमच्या डॉक्टरांनी प्रथिनं तोडलेला आहार सुचवला तर नाही म्हणू नका.

नाशिककर (१३ जून, रात्री ८:२०)

विषय थोडा वेगळा, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमची द्राक्षबाग आहे. तीन वर्षांपूर्वी काढणीच्या दिवसांत आमचा सहा किलोचा डॅशुंड खाली पडलेले मणी खात होता आणि आम्ही कौतुकाने बघत होतो. दुसऱ्या दिवशी उलट्या, तिसऱ्या दिवशी लघवी बंद. मूत्रपिंडं निकामी झाली होती. पाच दिवस सलाईन लावलं, तो गेला. द्राक्ष कुत्र्याला विष असतं हे बागाईतदार असूनही आम्हाला माहीत नव्हतं. बेदाणा तर आणखी वाईट, कारण ते आटवलेलं द्राक्ष. श्रावणात सत्यनारायणाचा शिरा, गणपतीत खिरापत, दिवाळीत चिवडा, सगळ्यात बेदाणे असतात आणि प्रसाद म्हणून कुत्र्याच्या तोंडात घास जातो. कृपा करून देऊ नका.

पशुवैद्य_नगर (१३ जून, रात्री ९:३०)

नाशिककर, फार वाईट वाटलं. तुम्ही हे लिहिलंत त्याने कुणाचा तरी कुत्रा वाचेल.

द्राक्षातलं टार्टारिक आम्ल हे त्याचं कारण असावं, असं २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा तज्ज्ञांनी मांडलं. तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. तेव्हा चिंच-गुळाची आमटी भातावर घालून कुत्र्याला देऊ नका. किती मणी खाल्ले तर बाधा होईल हे ठरवता येत नाही, म्हणून एक खाल्ला तरी लगेच डॉक्टरांना फोन.

कांदा-लसूण कच्चा, शिजवलेला, वाळवून दळलेला, कुठलाच नको. त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि परिणाम दिसायला काही दिवस लागतात, म्हणून कुणाला संबंधच लागत नाही. "फक्त रस्सा दिला" असं लोक सांगतात, पण आपल्या रश्शाचा जीवच कांदा-लसूण मसाल्यात असतो. चॉकलेट नको. शुगर-फ्री गोळ्या, च्युइंगममधला झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, तर फारच थोडा पुरतो, रक्तातली साखर झपाट्याने उतरते. आणि माणसाच्या वेदनाशामक गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन, पाच किलोच्या कुत्र्याच्या जठराला भोक पाडू शकतात.

घाटमाथा (१४ जून, सकाळी ६:५०)

आणखी एक पावसाळ्याचं. आमच्या इथल्या दुकानात मोठ्या पोत्यातलं ड्राय फूड सुटं मिळायचं, किलोवर. स्वस्त पडतं म्हणून घ्यायचो. गेल्या जुलैत आमच्या मिनिएचर पिन्शरला लागोपाठ तीन आठवडे जुलाब. शेवटी दाण्यांचा वास घेतला तर खवट, काहींवर पांढुरकी बुरशी. दमट हवेत उघड्या पोत्यातली चरबी खवट होते आणि बुरशीचं विष डोळ्याला दिसतही नाही. तेव्हापासून लहान पाकीट, महिन्यात संपेल एवढंच, आणि पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात. पाकीट ठेवायचं म्हणजे तारीख आणि बॅच नंबरही राहतो.

परळचीमुलगी (१४ जून, दुपारी १२:००)

चिकूसाठी मनापासून शुभेच्छा. मुंबईत कुणी खर्चामुळे तपासणी टाळत असेल तर परळच्या बैल-घोडा हॉस्पिटलचा जरूर विचार करा. आमच्या घरी तीन पिढ्यांची जनावरं तिथेच दाखवली आहेत.

मला एक विचारायचंय, घरून नेमकं केव्हा उठून पळायचं? आमच्याकडे आई घाबरते आणि मी "बघू सकाळी" म्हणते.

पशुवैद्य_नगर (१४ जून, दुपारी ३:३५)

पुढचं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका : शीत किंवा उलटीत रक्त, किंवा डांबरासारखी काळी शी. काही तासांत तीनहून जास्त उलट्या. पाणीही पोटात न टिकणं. पोट फुगून टणक होणं. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर ठेवून बसणं, हे पोटात फार दुखत असल्याचं लक्षण, स्वादुपिंडाच्या सुजेत दिसतं. हिरडी बोटाला कोरडी, चिकट लागणं, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर जागेवर यायला वेळ लागणं. आणि लसी अपुऱ्या असलेल्या पिल्लाला उलटी-जुलाब, मग रक्त असो वा नसो, कारण पार्वो विषाणूचा आजार एका रात्रीत पिल्लू नेतो.

आषाढात, म्हणजे आखाडात, माझ्याकडे दरवर्षी स्वादुपिंडाची सूज आलेली लहान कुत्री येतात. घरात मटण होतं, चरबीचे तुकडे आणि कटाचं तेल पोळीला लावून कुत्र्याला जातं. वीस ग्रॅम चरबी आपल्याला काहीच नाही, पाच किलोच्या जिवाला त्या दिवसभराच्या जेवणाच्या अर्ध्या कॅलरी आहेत. त्या चार-पाच दिवसांच्या सलाईनचा खर्च आणि त्या कुत्र्याचं कण्हणं, दोन्ही टाळता येण्यासारखं असतं.

चाफा (२९ जून, रात्री १०:५०)

सोळा दिवस झाले, खरं ते लिहिते.

डॉक्टरांनी प्रथिनं तोडलेलं ड्राय फूड दिलं. बारा दिवस लावून बदललं. सहाव्या दिवशी, निम्मं-निम्मं असताना शी पुन्हा सैल झाली, मी घाबरले, पण इथे लिहिल्याप्रमाणे दोन दिवस मागच्या पायरीवर थांबले आणि शी पुन्हा घट्ट झाली. दिवसाचे दाणे सकाळी वजनकाट्यावर मोजून एका डब्यात काढते. सकाळी साडेसात, दुपारी एक, संध्याकाळी सहा, रात्री पावणेअकरा. शीवर चिकट थर आठ दिवसांत दिसला नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते सासऱ्यांचं. निवृत्तीनंतर त्यांचा चहा आणि चिकू हे जोडीनेच असतं. ती त्यांच्या पायाशी येऊन बसते, ते बिस्किट मोडतात, अर्धं तिला. "आता देऊ नका बाबा" म्हटल्यावर ते काही बोलले नाहीत, पण दोन दिवस चहा स्वयंपाकघरातच उभ्याने प्यायले. मला फार लागलं ते. तिसऱ्या दिवशी मी तो मोजलेल्या दाण्यांचा डबा त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "बाबा, रात्रीचा घास तुम्ही द्या, आणि चहाच्या वेळी यातलेच सात-आठ दाणे. डबा तुमचा. यातून कुणालाही द्यायचे तर तुम्हाला विचारून." आता डबा त्यांच्या कपाटात असतो. मुलगासुद्धा आजोबांकडे मागतो. पावणेअकराला चिकू आपणहून त्यांच्या खोलीच्या दारात जाऊन बसते. रोज रात्री दहाला झोपणारे बाबा तिच्यासाठी जागे राहतात.

कृष्णाकाठ (३० जून, सकाळी ८:१०)

ताई, वाचून समाधान झालं. डॉक्टर, माझ्या घरी सध्या सहा वर्षांची कुत्री आहे, तिलाही उन्हाळ्यात जुलाब होतात. भाकरी तशीच ठेवतो आणि दूध बंद करून पाहतो. सोबत दोन उकडलेली अंडी चालतील का?

पशुवैद्य_नगर (३० जून, दुपारी २:००)

वजन किती आहे ते सांगा. अठरा-वीस किलोची असेल तर रोज एक अंडं पुरे, पूर्ण शिजवलेलं. भाकरी पाण्यात किंवा बिनमिठाच्या चिकनच्या पाण्यात भिजवून द्या. जोडीला उकडलेला लाल भोपळा, सालं-बिया काढून, दोन मोठे चमचे. त्यातल्या तंतूंनी सैल शी बांधली जाते आणि घट्ट असेल तर सुटते. चिकूच्या मापाच्या कुत्र्याला हेच एक लहान चमचा, पण चाफा, तुम्ही एवढ्यात नको, आठ आठवडे पुरे होऊ द्या.

सनीव्हेलकर (२ जुलै, सकाळी ९:३०)

इकडे कॅलिफोर्नियात लाल भोपळ्याचा डबाबंद गर मिळतो. घेताना डब्यावर फक्त भोपळा लिहिलेलं बघा. शेजारीच 'पम्पकिन पाय' या पदार्थासाठीचा गोड, मसाला घातलेला डबा असतो, तो आम्ही चुकून आणला होता.

चाफा (९ ऑगस्ट, रात्री ११:०५)

आठ आठवडे पूर्ण. वजन ५.२. जुलैत एकच पिवळी उलटी, त्या रात्री लग्नाहून यायला आम्हाला दीड वाजला होता आणि घास चुकला होता. गवत खाणं बंद म्हणता येणार नाही, पण रोजचं राहिलं नाही.

डॉक्टरांच्या सांगण्याने आता एकेक जिन्नस परत देऊन बघतोय, प्रत्येकी दोन आठवडे. पहिलं चिकन, नुसतं उकडून, दिवसाला दोन चमचे. आतापर्यंत शी घट्ट. त्यानंतर गव्हाची पाळी. दूध शेवटी, आणि नाही मानवलं तर कायमचं बंद, सासूबाईंनीच सांगितलंय तसं.

गणपती महिन्याभरावर आहेत, घरी दीड दिवसांचा असतो, येणारी-जाणारी पन्नास माणसं. तिच्या गळ्यात काही पाटी बांधावी का, असं मुलगा विचारतोय.

नाशिककर (१० ऑगस्ट, सकाळी ७:२५)

बांधा. आम्ही दुसरा कुत्रा आणल्यापासून प्रत्येक सणाला बांधतो. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत "मला खायला देऊ नका, मी आजारी पडते", आणि मुलाच्या हातानेच लिहून घ्या, मुलाने लिहिलेलं लोक वाचतात. खिरापतीचं भांडं आणि प्रसादाचं ताट टेबलावर ठेवा, खुर्चीवर नको. आरतीच्या वेळी तिला आजोबांच्या खोलीत दार लावून ठेवा, पाणी आणि डब्यातले दाणे देऊन.